भिडू बदलून मिळणार नाही

१९९४ साली पिंपरीच्या टेल्कोतून ‘सुमो’ गाडी बाहेर पडली. घरात टेल्कोचा पगार येत होता त्या प्रत्येकाची कॉलर तेव्हा ताठ झाली होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिकडे जपानात, ओसाकाच्या एसएनके कंपनीने ‘द किंग ऑफ फायटर्स ९४’ हा व्हिडिओ गेम आणला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण निगडी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी या पट्ट्यात वाढलेल्या, आज चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. पहिल्यांदा सुमोत बसल्याची आणि याच गेमच्या मालिकेतल्या इओरी यागामीची पॉवर, म्हणजे खास चाल, पहिल्यांदा बसल्याची आठवण तो एका दमात सांगेल.

इओरी मात्र या पहिल्या गेममध्ये नाहीच. तो आला दुसऱ्या वर्षी, ९५ मध्ये. आपल्याकडे या मालिकेची ओळखच उलटी झाली. गेमच्या दुकानांत जो खऱ्या अर्थाने रुजला तो ९७ चा भाग. दुकानाबाहेर ‘किंग ऑफ फायटर’ एवढंच म्हटलं तरी ते ९७ बद्दलच असायचं. ज्यापासून हे सगळं सुरू झालं तो पहिला भाग बहुतेकांनी नंतर पाहिला, तोही सायबर कॅफेतल्या नाहीतर घरच्या कॉम्प्युटरवर, आणि ‘यात पळता येत नाही, इओरी नाही, आपली टीम करता येत नाही’ म्हणून पाच मिनिटांत बंद केला. मला हा शेवटचा आक्षेप महत्त्वाचा वाटतो. ज्या कारणासाठी पोरांनी तो गेम बाजूला टाकला, तीच त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे असं माझं मत आहे, आणि हा लेख त्यासाठीच लिहिते आहे.

ज्यांनी हा गेम कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. मारामारीचे गेम तोवर एकास एक असत. कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर २’ ने १९९१ मध्ये जगभर वेड लावलं होतं. एसएनकेकडे स्वतःच्या दोन मालिका होत्या: १९९१ ची ‘फेटल फ्युरी’ आणि १९९२ ची ‘आर्ट ऑफ फायटिंग’. शिवाय ऐंशीच्या दशकातले ‘इकारी वॉरियर्स’ आणि ‘सायको सोल्जर’ हे जुने गेम होते, पण ते मारामारीच्या जातीचे नव्हते. त्यात गोळ्या झाडत पुढे जायचं. एसएनकेने या चारही घरांतली माणसं एका मांडवात आणली, त्यात काही नवी घातली, आणि तीन-तीन जणांचे, देशांच्या नावांचे आठ संघ केले. एकूण २४ खेळाडू. एका गेममधला नायक दुसऱ्या गेममधल्या नायकाशी भिडतोय हे तेव्हा अप्रूप होतं. गंमत म्हणजे एसएनकेला मारामारीच्या गेमची वाट दाखवणाऱ्यांत ताकाशी निशियामा होते, आणि १९८७ चा पहिला ‘स्ट्रीट फायटर’ कॅपकॉममध्ये असताना त्यांनीच केला होता. प्रतिस्पर्धी दोन, पण मूळ एकच.

आता नियम. एक संघ निवडला की त्यातले तिघेही घ्यायचे. इटलीचा टेरी बोगार्ड हवा असेल तर अँडी आणि जो हिगाशीही येणार. जपानमधला क्यो कुसानागी आवडला तर बेनिमारू आणि तो पहाडासारखा जुडोवाला गोरो दाइमोनही सांभाळायचा. तिघांपैकी आधी कोण, मग कोण, शेवटी कोण, एवढंच लढतीआधी तुमच्या हातात. एक पडला की पुढचा उतरतो. जिंकणारा तिथेच थांबतो, त्याची थोडीशी लाइफ भरून येते आणि त्याच दमावर त्याला पुढच्याला तोंड द्यायचं असतं. तिघेही पडले की खेळ संपला.

९५ मध्ये कंपनीने ‘टीम एडिट’ दिलं. कुठलेही तिघे घ्या. तेव्हापासून जगभरच्या दुकानांत तेच झालं जे आमच्याकडे ९७ वर झालं: ज्याला पाहावं त्याच्याकडे इओरी, ज्याला पाहावं त्याच्याकडे क्यो. दाइमोन, चांग, चिन ही मंडळी पडद्यावर चौकटीत बसून राहिली.

आमच्याकडची गेमची दुकानं कशी होती हे आता नव्या मुलांना सांगावं लागतं. स्टेशनाबाहेर, पिंपरी कॅम्पात, एमआयडीसीच्या कडेच्या टपऱ्यांच्या रांगेत एखादा गाळा असायचा. दाराला पडदा, आत अंधार, चार-पाच मशीन्स, एक-दोन रुपयांचं टोकन. फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीच्या निळ्या-खाकी कपड्यांतली पोरं डबा बगलेत मारून थेट मशीनवर. आयटीआयची पोरं दुपारपासून आत. शाळेची पोरं क्लासच्या नावाखाली. जिंकणारा जागेवरून हलत नसे; हरणारा टोकन काढायचा किंवा मागच्याला जागा द्यायचा. हँडलच्या बाजूला मशीनच्या काठावर टोकनं रचून नंबर लावलेला असायचा.

मुली आत जात नसत. मला आठवतं ते पडद्याबाहेरून: ‘दादा, आई बोलावतीय’ अशी हाक मारायची आणि उन्हात उभं राहायचं. आतून बटणांचा खडखडाट, कुणाचं तरी ‘अरे उचल ना त्याला!’, आणि मोठ्याने ओरडणारा तो जपानी आवाज. माझं सगळं ‘किंग ऑफ फायटर्स’ आधी कानाने झालं. हा गेम हातात आला तो खूप नंतर, घरात कॉम्प्युटर आल्यावर, आणि पडद्यावर पाहिला तेव्हा पहिलं लक्ष गेलं ते इंग्लंडच्या संघावर. माई, किंग, युरी. तिघीही बायका. १९९४ मध्ये मारामारीच्या गेममध्ये बाई म्हणजे साधारण एखादीच, चवीपुरती. इथे पूर्ण संघ होता, आणि नियमाने बांधलेला होता म्हणून कुणी त्यातली एक उचलून बाकीच्या दोघींना घरी बसवू शकत नव्हतं. माईच्या कपड्यांबद्दल मला आजही राग आहे. ते कपडे कुणाच्या नजरेसाठी काढले हे सांगायला नको. पण किंग! ‘आर्ट ऑफ फायटिंग’ मध्ये ती पुरुषी वेशात बारची राखणदारी करते. सूट घातलेली, थाई बॉक्सिंगच्या लाथा मारणारी, कुणाकडे पाहून न हसणारी ती बाई मला एका रात्रीत आवडली. आजही मी पहिला हात इंग्लंडनेच खेळते.

मशीनच्या पोटात काय होतं हे मला अलीकडे कळलं. पिंपरी कॅम्पात एक काका आहेत. आता एलईडी टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्त करतात, पण तेव्हा या पट्ट्यातल्या गेमच्या दुकानांची मशीन्स त्यांच्याकडे यायची. त्यांनी टेबलावर जागा करून मला सगळं समजावून सांगितलं. आपल्याकडचं मशीन म्हणजे प्लायवूडचं खोकं, वरून सनमायका, आत रंगीत टीव्हीची पिक्चर ट्यूब, पाच आणि बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय, आणि ५६ पिनांचं हार्नेस. जपानी कंपन्यांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ‘जामा’ नावाचा एक ठरावीक जोड मान्य केला होता, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा बोर्ड त्याच हार्नेसला लागायचा. मालकाला खोकं बदलावं लागत नसे.

एसएनकेने १९९० मध्ये त्याच्याही पुढची गोष्ट केली. त्यांच्या ‘निओ जिओ’ मशीनमध्ये बोर्डसुद्धा बदलायचा नाही, फक्त कॅसेट बदलायची. एका मदरबोर्डवर एक, दोन, चार, सहा कॅसेटी बसतील असे प्रकार होते. नवा गेम म्हणजे मालकाला फक्त नव्या कॅसेटचा खर्च. दरवर्षी एक नवा ‘किंग ऑफ फायटर्स’ काढणं कंपनीला परवडलं ते यामुळे, आणि जगाच्या ज्या भागात मालकाच्या खिशाला महागडं मशीन झेपत नव्हतं तिथे निओ जिओ टिकलं तेही यामुळेच. ९४ ची कॅसेट १९६ मेगाबिटची, म्हणजे आजच्या हिशेबाने २४-२५ एमबी. लग्नाचा एक व्हिडिओ फॉरवर्ड केला तरी याहून जास्त जागा जाते. तेवढ्यात २४ माणसं, त्यांच्या चाली, आवाज, देशोदेशीची मैदानं आणि शेवटचा बॉस.

काकांकडे एक कॅसेट अजून होती. पुस्तकाएवढी, जड, आत दोन बोर्ड. त्यांनी खालच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासून दाखवल्या. पावसाळ्यात पट्ट्या काळ्या पडल्या की पडद्यावर चित्राचे चौकोन फुटायचे आणि मालक बोर्ड गेला म्हणून घाबरून धावत यायचा. इलाज बहुतेक वेळा खोडरबरच. दुसरी नेहमीची तक्रार हँडलची. हँडलच्या दांड्याखाली चार बाजूंना चार मायक्रोस्विच असतात. दांडा उजवीकडे नेला की उजवीकडचा दबतो, तिरका नेला की दोन एकदम. पॉवर मारायची म्हणजे दांडा खालून पुढे असा पाव गोल फिरवायचा, आणि हे दिवसभर चालायचं. मग खालचा किंवा पुढचा स्विच आधी मरायचा. तो मेला की पोरं म्हणायची, या मशीनवर एका बाजूने पॉवर निघत नाही. ज्याला हे ठाऊक असे तो दुसरी बाजू पकडून बसायचा. बटणांत सगळ्यात आधी झिजायचं ते मुक्क्याचं. चांग कोहानचा लोखंडी गोळा गरागरा फिरवायचा तर मुक्क्याचं बटण भराभर बडवावं लागतं. काकांनी ते बोटांनी टेबलावर वाजवून दाखवलं.

चांगबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझं म्हणणं तिथेच पटेल. कोरियाच्या संघात किम काफ्वान आहे: तायक्वांदोचा उस्ताद, चपळ, सरळमार्गी. ‘फेटल फ्युरी २’ मधून आलेला, सगळ्यांचा लाडका. त्याच्याबरोबर दोन गुन्हेगार. चांग, साखळीला लोखंडी गोळा बांधलेला धिप्पाड माणूस. आणि चोई, बोटांना लोखंडी नख्या लावलेला बुटका. किम या दोघांना सुधारायला निघालाय, अशी त्यांची गोष्ट. आता किम हवा म्हणून तुम्ही कोरिया घेतला. किम पडला की तुमच्या हाती चांग येतो. पहिल्यांदा खेळणारा इथे हरतो, कारण तो चांगला किमसारखा खेळवायला जातो. चांगची उडी जड, चाल जड, समोरचा वेगवान असेल तर तो गोळा उचलेपर्यंत याला दोन लाथा बसलेल्या असतात.

मग खेळत राहिलं की हळूहळू उमजतं. चांगने पुढे जायचंच नसतं. त्याचा गोळा मैदानाच्या निम्म्यापर्यंत पोचतो. समोरच्याला यायला लावायचं आणि तो उडीत असताना जोराचा मुक्का सोडायचा. कोपऱ्यात अडकला तर गोळा फिरवायचा आणि समोरच्याला लांब ठेवायचं. ज्याला तुम्ही ओझं समजत होता तो एकटा दोघांना लोळवतो. हे शिकायला मिळतं केवळ एका कारणाने: तो बदलून मिळत नाही. माझ्या माहितीतल्या, ९७ वर वर्षानुवर्षं राज्य केलेल्या लोकांनी चांग कधी खेळलेलाच नसतो.

माझा दादा त्यातलाच. तो आता चाकणच्या एका प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे. त्याच्याकडे पीएस-४ आहे, आणि हॅम्स्टर या जपानी कंपनीने २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये निओ जिओचे जुने गेम जसेच्या तसे पुन्हा विकायला सुरुवात केली तेव्हा पहिला गेम म्हणून ९४ च काढला होता. गुरुवारी सुट्टी असली की आम्ही खेळतो. सुरुवातीला तो वैतागायचा.

‘अगं, यात पळता येत नाही.’

‘९६ मध्ये येतं. आत्ता चालत जा.’

‘आणि हा दाइमोन कशाला मध्ये?’

‘तुझ्या टीममध्ये आहे म्हणून.’

तो खरंच चालत गेला, हरला, आणि दाइमोनला शिव्या घातल्या. पण तो पेशाने असा माणूस आहे की एखादं मशीन चालत नसेल तर ते कसं चालेल यावर रात्रभर डोकं लावेल. महिन्याभरात त्याने क्रम लावायला सुरुवात केली. बेनिमारू आधी, कारण त्याच्या लाथा लांब आणि समोरच्याची लाइफ सुरुवातीलाच खाली आणतात. दाइमोन मध्ये, कारण समोरचा थकलेला असतो आणि एकदा हातात सापडला की उचलून आपटला जातो. क्यो शेवटी. हा क्रम लावण्यात त्याला जेवढी मजा येते तेवढी मला त्याने ९७ मध्ये इओरी घेतल्यावर कधी दिसली नव्हती. शिफ्टला माणसं लावताना सुपरवायझर जे करतो तेच हे, असं तो म्हणाला. कामाला आलेत तेवढेच हात. त्यांच्यात लाइन चालवायची.

आणखी एक गोष्ट ९४ मध्ये मला फार आवडते. एक जण लढत असतो तेव्हा त्याचे राहिलेले दोघे मैदानाच्या कडेला उभे असतात. नुसतं चित्र नाही. आपला माणूस चक्कर येऊन उभा राहिला किंवा शत्रूच्या पकडीत सापडला, आणि कडेच्या भिडूंच्या जवळपास असला, तर बटणं दाबून हाक मारता येते. कडेचा भिडू धावत येऊन एक फटका मारतो आणि परत जातो. नेहमीच येतो असं नाही. पण आला की अंगावर काटा येतो.

संघांचे देश मात्र बघण्यासारखे आहेत. टेरी अमेरिकेतल्या साउथ टाउनचा, पण संघ इटलीचा. ‘आर्ट ऑफ फायटिंग’ ची साकाझाकी मंडळी मेक्सिकोकडून. माई आणि युरी इंग्लंडच्या. याला कुणी ढिसाळपणा म्हणेल. मला ते तसं वाटत नाही, कदाचित मी इथे वाढले म्हणून असेल. पिंपरीत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग बजाज, टेल्को, आणि त्यांच्यामागे शेकडो वर्कशॉप. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. २०११ मध्ये ती सतरा लाखांवर गेली. आमच्या वर्गात लातूर, सांगली, बीड, केरळ, बिहार सगळं होतं, आणि शाळांच्या स्पर्धेला गेलो की पाटीवर एकच नाव: चिंचवड. टेरी इटलीकडून लढतो यात मला काही खटकत नाही.

दोष सांगायलाच हवेत. शेवटचा बॉस रुगल बर्नस्टाइन अन्यायकारक आहे. शस्त्रांचा व्यापारी, ‘ब्लॅक नोआ’ नावाच्या जहाजावर राहतो, हरवलेल्या लढवय्यांचे पुतळे करून मांडून ठेवतो. ‘आर’ एवढीच सही करून त्यानेच या स्पर्धेची आमंत्रणं धाडलेली असतात. तो एकटा तुमच्या तिघांशी लढतो. त्याला एकदा पाडलं की कोट काढून पूर्ण लाइफसह पुन्हा उभा. त्याच्याकडे ‘फेटल फ्युरी’ मधल्या गीस हॉवर्डची रेप्पुकेन आहे आणि क्राउझरची कायझर वेव्ह आहे, म्हणजे खलनायकही चोरलेल्या चालींचा. आणि ती जेनोसाइड कटर लाथ: एक बसली की लाइफचा मोठा लचका गेला. दुकानात याच्यावर टोकनांमागून टोकनं जावीत हा उघड हिशेब होता. बाकी कॉम्बो आखूड आहेत, कॉम्प्युटर तुमची बटणं वाचतो असं वाटावं इतक्या लवकर उत्तर देतो, आणि पॉवरची पट्टी भरण्यासाठी तीन बटणं दाबून जागेवर उभं राहणं आज कंटाळवाणं वाटतं. खेळ म्हणून ९८ कितीतरी सरस आहे, हे कुणीही सांगेल आणि मीही सांगते. पण ९८ मध्ये कल्पना घासून गुळगुळीत झालेली आहे. ९४ मध्ये ती नवी आहे, तिचे कोपरे अजून बोचतात.

कथाही संघाची असते. कोरिया घेऊन जिंकलात तर कोरियाचा शेवट दिसतो, तिघांचा मिळून. पुढच्या भागांत आपल्या आवडीचे तिघे जमवून जिंकलं तर असा एकत्र शेवट मिळत नाही, कारण त्या तिघांना जोडणारी गोष्टच नसते. मुलं म्हणायची, शेवट कशाला पाहिजे, जिंकलो ना. मला तो पाहिजे असतो.

एसएनके २००१ मध्ये दिवाळखोरीत निघाली, मग वेगवेगळ्या रूपांत परत उभी राहिली. आज ती सौदी मालकीची आहे आणि २०२२ मध्ये मालिकेचा पंधरावा भाग आला. दरम्यान आमची दुकानं गेली. घरोघरी टीव्हीला जोडायची स्वस्त मशीन्स आली, मग सायबर कॅफे. काही गाळ्यांत गेमच्या नावाखाली जुगाराची मशीन्स लागली, पोलिसांच्या धाडी पडल्या आणि धंद्याचं नाव खराब झालं ते सगळ्यांसाठीच. चिंचवडला एल्प्रोच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर आता मॉल आहे. मॉलमधल्या गेमच्या जागी मुली बिनधास्त खेळतात. मला ते बघून फार बरं वाटतं. पण तिथे एकट्याने खेळायची मशीन्स जास्त, आणि मागे रांग लावून उभं राहायला कुणी नसतं.

एक संघ मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. अमेरिका. हेवी डी, रिंगमधून हाकलला गेलेला बॉक्सर; लकी ग्लॉबर, पूर्वीचा बास्केटबॉलपटू, जो बॉलनेच मारतो; ब्रायन बॅटलर, अमेरिकन फुटबॉल सोडून आलेला. तिघेही नवे, मागे कुठल्या गाजलेल्या गेमचं नाव नाही. लोकांना ते आवडले नाहीत. ९५ मध्ये कंपनीने त्यांना काढून टाकलं आणि त्या जागी इओरीचा संघ आणला. हे तिघे परत दिसले ते थेट ९८ मध्ये. म्हणजे ज्या इओरीवर आमची पिढी वाढली, तो यांची जागा घेऊन आला. ९४ मध्येच त्यांना नीट खेळता येतं, कारण इथे ते कुणाच्या तरी बदली म्हणून नाहीत.

येत्या गुरुवारी आम्ही अमेरिका घेणार आहोत. लकीचा हात लांब आहे म्हणून दादाला तो आधी हवा. माझं म्हणणं आधी हेवी डी, कारण तो सगळ्यांत वेगवान आहे. ब्रायन कुठे घालायचा यावर आमचं अजून भांडण चालू आहे.